आमच्या डोंगराचा ठिपका

बेलापूर, जि. ठाणे
१२ नोव्हेंबर १९८४

चि. जयमाला हिला आबाचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू पुण्याला सुखरूप पोचलीस की नाही, याची एक ओळही आली नाही. भाऊबीजेच्या दिवशी भरल्या ताटावरून उठून गेलीस, ते तुझ्या आईच्या जिवाला फार लागलंय. ती रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो दारावरून पुढे गेला की आत जाऊन भांडी आपटते.

मारोतीदादाचं बोलणं मनावर घेऊ नकोस, बाय. सुरुंगांनी त्याचे कान गेलेत, त्यामुळे साधं बोलला तरी ओरडल्यासारखं वाटतं. पण शिकून आलीस ती आमच्या पोटावर पाय द्यायला काय, असं तो म्हणाला ते साधं नव्हतं, हे मलाही कळतं. तूही त्याला डोंगर खाणारा म्हणालीस. शेत सिडकोत गेल्यावर त्याने दगडखाणीवर जायचं नाही तर कुठे जायचं? आणि तू म्हणतेस तेही खरं असेल, की खाण आणखी वर सरकली तर तिथली साळिंदरं राहणार नाहीत. दोघांचं ऐकून माझ्या डोक्याचा भुगा होतो.

ह्याच साळिंदरांना शिव्या देत मी जन्मभर बांधावर बसलो. अर्धी कोनफळं खायची आणि उरलेली एकेक चावून ठेवायची, अशी त्यांची खोड. आता माझीच लेक नकाशा घेऊन त्यांना डोंगरोडोंगर शोधत फिरते. तुझी आई म्हणते, बापाने हाकललं आणि पोरीने हुडकलं. तुझ्या सरांना माझा निरोप सांग, पोरीला कपारीत हात घालायला लावू नका, आत नाग असतो.

साळिंदरांचे काटे भरलेला तुझा बिस्किटाचा डबा इथे फडताळातच राहिला. त्यावरून आईची कुरकुर चाललीय. साळूचा काटा घरात ठेवला की भावंडांत भांडणं लागतात, असं आपल्याकडे सगळेच मानतात. शेतात सापडला तरी आम्ही तो बांधावरच टाकून यायचो. तू तो डबा आणलास आणि तिसऱ्या दिवशी हे घडलं, असं ती म्हणते. मी तिला गप्प करतो, पण माझ्याही मनात येतंच.

पत्र टाक. रागावलीस तरी रागाचं टाक, पण टाक.

तुझा आबा, गोटीराम


पुणे
२० नोव्हेंबर १९८४

ती. आबांना जयमालाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

मी खुशाल आहे. काय लिहावं तेच सुचेना म्हणून पत्र राहिलं. ताटावरून उठले ती माझी चूक झाली, एवढं आईला सांगा.

आबा, तो डबा कुणालाही हलवू देऊ नका. डिसेंबरात मी न्यायला येते. एखाद्या डोंगरावर साळिंदर आहे, असं आमच्या कामात नुसतं म्हणून चालत नाही. ताजा काटा, कुरतडलेलं हाड, असं काहीतरी हातात लागतं. ते कागदात बांधायचं, वर जागा आणि तारीख घालायची, मग सर स्वतः बघून नकाशावर ठिपका देतात. आम्ही कर्जतपर्यंतचे डोंगर पालथे घातले. पुष्कळ बिळं जुनी निघाली, आत कोळ्यांची जाळी. आपल्या डोंगरावर मात्र बिळाच्या तोंडाशी ताजी माती होती आणि तिथेच काटे पडलेले होते. खाडीच्या ह्या बाजूला तेवढं एकच ठिकाण उरलंय.

मार्चअखेर आमचा अहवाल वनखात्याकडे जाईल. नकाशावर ठिपका असला तर वरचा उतार तरी खाणीला देऊ नका, असं सरांना त्यात लिहिता येईल. खालची खाण बंद करा, असं कुणीच म्हणत नाही. दादाला मी हेच सांगायला बसले होते. त्याने ऐकून घेतलं नाही आणि मीही चिडले.

कपारीत मी हात नाही, काठी घालते. सर तुमच्या निरोपावर हसले आणि म्हणाले, वडिलांना कळव, नागाला मीसुद्धा भितो.

माझ्यावर माया आहे तशीच ठेवा.

तुमची जयमाला


बेलापूर
२५ नोव्हेंबर १९८४

चि. जयमालास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल आलं. डबा मी गुरुवारीच खाडीत सोडला.

बुधवारी मारोती आईला म्हणाला की जयमाला पुन्हा ह्या घरात आली तर मी बायकोपोरं घेऊन दिघ्याला खोली करीन. तुझी आई त्यावर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अमावास्या होती, खाडीला उधाण होतं. म्हटलं, ही वस्तू घरात आहे तोवर माझी पोरं एकमेकांची होणार नाहीत. डबा तरंगला असता म्हणून आत दगड घातला आणि झाकण सुतळीने बांधलं. मी लेकीचं काही बिघडवतोय, असं त्या वेळी मनातही आलं नाही. घर वाचवतोय असंच वाटलं.

तुझं पत्र मी मारोतीला वाचून दाखवलं. वरच्या उताराचं आलं तेव्हा त्याने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, हे ती आधी का नाही बोलली? आज ओहोटीला मी चिखलात उतरलो होतो. मांडीपर्यंत रुतलो, तेव्हा कोळीवाड्यातल्या माणसांनी ओढून काढलं आणि म्हातारपणी निवट्या मासळी धरायला निघालास काय, म्हणून हसले. डबा नाही सापडला.

त्या बिळाची जागा मला कळव. मी जाऊन दुसरे काटे वेचतो. तू सांगशील तसे कागदात बांधीन.

मला काय बोलायचं ते बोल, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा आबा


पुणे
२० जानेवारी १९८५

ती. आबांस नमस्कार.

डिसेंबरात मी डोंगरावर येऊन गेले. घरी आले नाही. खाणीचा राडारोडा बिळाच्या तोंडावर आला आहे. दिवसभर शोधूनही एक काटा मिळाला नाही. साळिंदरं वर कपारीत सरकली असावीत, पण ते माझं म्हणणं झालं. सर म्हणाले, तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण शब्द कागदात बांधता येत नाही. नकाशावर आपला डोंगर कोरा राहिला. वरच्या उताराबद्दल आता काही लिहिता येणार नाही.

तुम्ही वर चढू नका. पाय घसरेल. शिमग्याला माझी वाट बघू नका.

जयमाला


बेलापूर
२० मार्च १९८५

चि. जयमालास आशीर्वाद. वि. वि.

तू येऊन गेलीस आणि घरी आली नाहीस, हे वाचून दाखवल्यावर आईने ते पत्र माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ धरून बसली. त्यानंतर मी दोनदा लिहिलं, तुझं उत्तर नाही. हेही पोचेल की नाही, कोण जाणे.

शिमगा झाला आणि खाण वरच्या उतारावर चढली. शनिवारी मारोतीच्या टोळीने सुरुंग लावला, कपारीसकट कडा खाली आला. धुरळा बसल्यावर मारोतीला दगडांत साळिंदराची मादी दिसली. तिच्या पोटाखाली दोन पिल्लं होती. तिघंही मेलेली. पिल्लांचे काटे अजून मऊ होते, हात फिरवला तरी टोचत नव्हते, असं मारोती सांगतो. हे तो मला सारखं सांगतो.

त्याने त्यांना गोणपाटात घालून घरी आणलं. अंघोळ नाही, जेवण नाही. अंगणात बसून मादीचे काटे काढले, वर्तमानपत्राच्या कागदात बांधले आणि प्रत्येक पुडीवर जागा आणि तारीख लिहिली. दिवाळीत तू करत होतीस ते त्याने बघून ठेवलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याची शाळा तिसरीत सुटली, म्हणून जोडाक्षरं मला विचारत होता. पिल्लांना कुणाला हात लावू दिला नाही. ती त्याने मादीशेजारीच पुरली. पुड्या ठेवायला आईने आपणहून फडताळ रिकामं केलं.

मार्च अजून संपला नाही. हे काटे चालतील का? की मेलेल्याचे चालत नाहीत? चालत असतील तर तू स्वतः न्यायला ये. टपालाने पाठव, असं लिहू नकोस.

मारोती तेव्हापासून खाणीवर गेलेला नाही. ओट्यावर डोंगराकडे तोंड करून बसतो. काल त्याने मला विचारलं, आबा, वर आणखी एखादं असेल ना? मी म्हणालो, असेल म्हणजे काय, आहेच, त्यांनी उकरलेली ताजी माती मी परवाच बघून आलो. मी वर गेलोच नव्हतो. तू आलीस की तो तुलाही विचारील. हातात काही नसताना आहे म्हणणं तुझ्या कामात बसत नाही, ते मला ठाऊक आहे. तरी, बाय, त्याला आहे म्हणून सांग.

तुझा आबा