सायकलने चिखलदरा

७ मार्च १९६५, रविवार. अमरावती

ठरलं म्हणजे ठरलं. सायकलनं चिखलदरा चढायचा आणि मैनेला घेऊन यायचं.

बांधकाम खात्यात क्लार्क असल्यामुळे रेकॉर्ड पूर्ण ठेवायची सवय आहे, म्हणून लिहितो. मैना ही माझी पत्नी. जानेवारीच्या शेवटापासून चिखलदऱ्याला तिच्या मोठ्या भावाकडे आहे. भाऊ देवमन, वनखात्याच्या नाक्यावर गार्ड. हवापालटासाठी गेली आहे. ट्रंक नेली ते ठीक, शिवणाची मशीनही नेली. थंड हवेत शिवण चांगलं होत असावं.

बस आहे. रोज सकाळी स्टँडवरून सुटते, दुपारपर्यंत वर. पण बसमध्ये कोणीही बसतं. कोंबड्यासुद्धा बसतात. नवरा घाट चढून घामाघूम दारात उभा राहिला तर त्याला काही वजन आहे. शिवाय सडकेनं नाही. धामणगाव गढीच्या पुढे कोरकू लोकांची पायवाट डोंगरातून थेट वर जाते म्हणतात, तिनं. त्या वाटेनं कोणी सायकल नेल्याचं ऐकिवात नाही.

उद्यापासून पहाटे उठणे. दूध. दंडबैठका.

८ मार्च, सोमवार

उठलो नाही. आठवड्याचा पहिला दिवस, ऑफिसात काम असतं. दूध प्यालो.

१४ मार्च, रविवार

मालटेकडीवर सराव. चढ जमला, म्हणजे सायकल हातात धरून. दमसास तोच लागतो. उतरताना ब्रेकचे गुटके निसटले आणि खालच्या एका घरासमोरच्या वाळवणावर गेलो. कुरडया होत्या. बाई जे बोलली ते रेकॉर्डवर घेण्यासारखं नाही.

तरी उतार मात्र वेगात झाला.

२१ मार्च, रविवार

नत्थुजीच्या दुकानात सायकल हलकी करून घेतली. मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, घंटी, कॅरिअर, सगळं काढलं. आता हरणासारखी दिसते. नत्थुजीनं विचारलं, कॅरिअर काढून राहिले, मंग येताना वयनी कुठं बसन? मी म्हटलं, पुढच्या दांडीवर. तो म्हणाला, बाळंतीण बाईले घाटातून दांडीवर बसवून आणता काय. मी सांगितलं की बाळंतपण होऊन गेलं, आता ती बाळंतीण नाही. तो चेनला तेल देत राहिला.

कॅरिअर परत लावून घेतलं. वजन वाढलं, पण इलाज नाही.

१४ एप्रिल, बुधवार

बाबासाहेबांची जयंती. मिरवणूक मोठी निघाली. देवमन वरून खास आला होता. भेटला, जय भीम झाला, घरी जेवायलाही आला. माय त्याच्यासमोर उगाच रडली.

निघताना त्यानं मला बाहेर घेतलं आणि निरोप सांगितला. मैनेचा नागपूरला नर्सच्या ट्रेनिंगला नंबर लागला आहे. एक जूनपासून. होस्टेलात राहावं लागतं, वर्षंच्या वर्षं. तिचं म्हणणं एवढंच की त्याआधी एकदा येऊन भेटा. काही आणू नका, काही समजावू नका, नुसतं येऊन बसा. आले तर ती ट्रेनिंगचं सोडून देईल असं ती म्हणाली नाही, पण देवमनला तसं वाटतं. नाही आले तर ती मे अखेर जाणार, आणि मग विषय संपला. देवमन म्हणाला, जवाई, उद्या सकाळच्या बसनं माझ्यासंगंच चला.

मी त्याला प्लॅन सांगितला. सायकल दाखवली. तो सायकलकडे बराच वेळ पाहत राहिला. प्रभाव पडला असावा.

१५ एप्रिल, गुरुवार

देवमन सकाळच्या बसनं गेला. मी गेलो नाही. पायांत अजून पुरेशी ताकद आलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवली पाहिजे, कारण लोक तिचा विपर्यास करतात. सव्वीस जानेवारीची अकोला ते अमरावती सायकल रेस. मी नाव आधीच दिलं होतं, छातीवर लावायचा नंबरही मिळाला होता. आदल्या दिवशी मैनेच्या पोटात दुखत होतं. आज जाऊ नका म्हणाली. पण दिवस भरायला अवकाश होता, देवमनही बाळंतपणासाठी म्हणून आलेला होता, आणि जनाना वॉर्डात पुरुषांना तसंही घेत नाहीत. मी थांबून काय केलं असतं? बाहेर बिड्या ओढल्या असत्या. त्याही मी ओढत नाही.

मुलगी सकाळी झाली आणि दुपारी गेली. मी मूर्तिजापूरच्या पुढे होतो. मला कसं कळणार?

रेसमध्ये तिसरा आलो. कप घेऊन थेट दवाखान्यात गेलो, घरीसुद्धा गेलो नाही. मैनेला बरं वाटावं म्हणून कप तिच्या उशाशी ठेवला. तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिसरा आलो म्हणून हिरमोड झाला असेल. पहिले दोघं अकोल्याच्या जुन्या शहरातले, रोज दूध घालायला सायकलीवरच फिरतात. त्यांच्याशी बरोबरी कशी होणार, हे मी तिला सांगितलंसुद्धा.

देवमननं मातीचं सगळं उरकलं होतं. मी मुलीला पाहिलं नाही. माय म्हणते, नाक माझ्यासारखं होतं.

२ मे, रविवार

सीटच्या जागी गळू. बसवत नाही, सायकलवर तर नाहीच. माय म्हणाली, बसमधी उभा राहून जाय. आईच्या जातीला क्रीडा क्षेत्रातलं समजत नाही.

९ मे, रविवार

गळू फुटलं. ऊन असं की सडकेवरचं डांबर चाकाला चिकटतं. या उन्हात निघणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मैनेलाही पटेल.

१६ मे, रविवार

मायनं आज स्पष्टच सांगितलं की गेला तर जाय, पण थ्या सायकलीवर तिच्यासमोर जाऊ नको बाप्पा. मी म्हटलं, काळजी करू नको, तब्येत आता चांगली आहे. ती कपाळाला हात लावून आत गेली.

रात्री तिनं स्वयंपाक केला नाही. भाकर सकाळचीच होती.

२४ मे, सोमवार

हेडक्लार्क खुशालराव पाटलांकडे रजेचा अर्ज दिला. मनात तयारी ठेवली होती की आता मार्चअखेरची बिलं, ऑडिट, रजा नामंजूर होणार, मग माणसाचा काय इलाज. खुशालरावांनी अर्ज वाचलाच नाही. तिथल्या तिथे सही केली. म्हणाले, मी फेब्रुवारीपासून या अर्जाची वाट पाहून राहिलो. वर विचारलं की बसचं तिकीट काढलं का. मी प्लॅन सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, श्रावण, आमच्या शेतात एक बैल होता, त्याले घरचा रस्ता दिसला का तो उलटा चाले. बैलाचा इथे काय संबंध ते कळलं नाही. त्यांची शेती मोठी आहे, त्यामुळे बोलण्यात बैल येतात.

मैना मे अखेर जाणार. मे अखेर म्हणजे एकतीस. अठ्ठावीसला निघायचं.

२८ मे, शुक्रवार

निघालो नाही. मागचा टायर मऊ वाटला.

२९ मे, शनिवार. परतवाडा

निघालो. सपाट सडक, वारा समोरून. तरी सायंकाळच्या आत परतवाड्याला पोहोचलो. मायच्या लांबच्या बहिणीकडे, पार्बतामावशीकडे उतरलो. मावशीनं बेसन-भाकर वाढली आणि विचारलं, मैना भाजी तिखट खाते की फिकी? येताना इथंच जेवायला थांबा म्हणाली. मला एकदम सांगता येईना. दोन वर्षं तिच्या हातचं जेवलो. म्हटलं, सगळं खाते.

मावशीनं मैनेसाठी लोणच्याची बरणी दिली. काही आणू नका असा निरोप होता, पण लोणचं म्हणजे काही आणणं नव्हे.

उद्या पहाटे चढाई. मांड्यांत गोळे आले आहेत, ते ताकदीचंच लक्षण.

३० मे, रविवार. दुपार, घाटात

सडकेच्या कडेला सागाखाली बसून लिहितो आहे.

कोरकूंची पायवाट सापडली. वाट उत्तम, पण ती शेळ्यांसाठी आहे. सगळे गोटे सुटे. पहिल्याच चढाला पेडल मारलं तर मागचं चाक जागच्या जागी फिरलं आणि मी सायकलसकट बोरीच्या झुडपात. मग सायकल ढकलली. मग उचलली. एका ठिकाणी ती माझ्या अंगावर होती की मी तिच्या, सांगता येणार नाही. लोणच्याची बरणी फुटली. सदऱ्याला तेल आणि मोहरी. गुडघा सोललेला. एक कोरकू बाई डोक्यावर मोळी घेऊन बाजूनं गेली. तिनं एका हातानं सायकलचं मागचं चाक उचलून चार पावलं वर करून दिली, आणि हसत पुढे गेली.

शेवटी वाट सडकेला येऊन मिळाली आणि मीही सडकेला लागलो. सायकल ढकलत. एवढ्यात वरून बसचा हॉर्न.

आता विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तेल माखलेला सदरा, फाटकी विजार, ढकलत आणलेली सायकल. बसमध्ये ओळखीचं कोणी असलं तर? अमरावतीत बातमी माझ्याआधी पोहोचेल, श्रावण सायकल ढकलत गेला म्हणून. सायकल तशीच नालीत टाकली आणि खालच्या बाजूला घाणेरीच्या जाळीत दबून बसलो.

बस जायला पाहिजे होती. पण उगाच थांबली. दार उघडल्याचा आवाज आला. कोणी बाई खाली उतरून हाका मारू लागली. अवो, ऐकता का. अवो. म्हटलं, हिचा नवरा लघवीला उतरला असेल. मग थोडा वेळ काहीच नाही. नुसतं इंजिन. आणि मग त्या बाईनं चक्क नाव घेऊन हाक मारली, श्रावण. घसा फाटल्यासारखी.

आपल्याकडच्या बाया अशा परपुरुषाला नावानं हाका मारत नाहीत, आणि घरची बाई तर नाव घेतच नाही. म्हणजे ऑफिसातल्या कोणा साहेबाची बायको असणार. आणखी खाली दबलो. काटे लागले तरी हललो नाही. बस गेली तेव्हा बाहेर आलो.

सायकल नालीत नव्हती. सागाला टेकवून नीट उभी होती. हँडल पुसलेलं. ड्रायव्हर भला माणूस असावा.

आता उरला शेवटचा चढ. वर गेल्यावर आधी तोंड धुवायचं, मग मैनेसमोर जायचं.

३० मे, सायंकाळ. चिखलदरा

मैना नाही.

देवमन दारातच होता. मला पाहून माझ्या मागे पाहू लागला. मग विचारलं, मैना कुठं आहे. मी म्हटलं, तुमच्याकडे. तो म्हणाला, थे दुपारच्या बसनं गेली, उद्या बडनेऱ्याहून गाडी आहे तिची. सकाळपासून सामान बांधून ओट्यावर बसून होती. बस आली, भरली, निघायला लागली, तेव्हा उठली.

देवमननं विचारलं, घाटात बस दिसली नाही काय. मी म्हटलं, दिसली.

तिची खोली पाहिली. मशीन आहे. मशीनवर झाकण आहे. बाकी काही नाही.

३१ मे, सोमवार

दुपारच्या बसनं खाली निघालो. सायकल टपावर. टपावर चढवताना कंडक्टरनं ती ओळखली. म्हणाला, हे तर कालची सायकल. मग त्यानं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

नाक्यावरची बाई खिडकीशी बसली होती. वळणावर तिनं सायकल पाहिली आणि एकदम उभी राहिली, थांबवा थांबवा म्हणे. ड्रायव्हर चिडला तरी उतरलीच. नालीतून सायकल काढली, पदरानं हँडल पुसलं, झाडाला लावली. हाका मारल्या. सारी बस पाहत होती. पहिले नुसतं अवो अवो करत होती, मग नाव घेतलं. बसमधल्या बाया चाट पडल्या. मग परत चढली. कंडक्टर म्हणाला, कोणाची सायकल होती कोण जाणे, माणूस काही आला नाही.

मी म्हटलं, असेल कोणाची.

बस त्या वळणावरून गेली. जाळी सडकेपासून एवढीशी खाली आहे. मला वाटलं होतं पुष्कळ खोल आहे.

१ जून, मंगळवार. अमरावती

नागपूरचा रस्ता पुष्कळसा सपाट आहे. एक तळेगावचा घाट सोडला तर

पुढं लिहवत नाही. मले रडू येऊन राहिलं.

लग्नात साऱ्या बाया मागं लागल्या होत्या, नाव घे, नाव घे. तिनं घेतलं नव्हतं. मान खाली घालून नुसती हसत होती. दोन वर्षं घरात अवो म्हणूनच हाक. दवाखान्यातही, भिंतीकडं तोंड करून, अवो, जा तुमी, एवढंच म्हणाली होती.

सकाळी माय चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, भेटली काय रे? मी म्हटलं, भेटली नाही, पण तिनं मले हाक मारली. माय म्हणाली, काय म्हणून? मी सांगितलं, नाव घेऊन. साऱ्या बससमोर.

मायच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. जळाली तरी तिनं उलटली नाही. मग तिनं विचारलं, मंग तू ओ काहून नाही देल्ली?