दुश्मनांची तब्येत

८ जाने. १९९४, निशातगंज, लखनौ
ह्यांच्या खोकल्याला तिसरा आठवडा. जिन्यात घरमालकीण खालाजान भेटल्या. "सुना है, भाईसाहब के दुश्मनों की तबीयत नासाज़ है?" इथली रीतच ही. आजार माणसाचा म्हणायचा नाही, त्याच्या दुश्मनांचा म्हणायचा. हे जाम खूश! बँकेत रजेच्या अर्जावरही असंच लिहितो म्हणाले.

१० जाने.
खालाजानना विचारलं, हे आलं कुठून? "बीमारी सुनती है, बेटी. जिसका नाम लो, उसी का घर देख लेती है. इसलिए बुज़ुर्गों ने दुश्मनों के सर डाल दी." पटलं. आपण नाही का, बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतो.

१३ जाने.
रुमाल धुताना रक्त. विचारलं तर म्हणे पान खाल्लं होतं. हे आणि पान!

१५ जाने.
डॉक्टरांकडे गेलो. तेही जुने लखनवी. हे हसत म्हणाले, "कुछ नहीं साहब, दुश्मनों को ज़रा खाँसी है." डॉक्टरही हसले. औषधाची बाटली दिली. मी शेजारीच बसलेले. रक्ताचं सांगणार, तेवढ्यात ह्यांनी डोळे वटारले आणि माझी दातखीळ बसली. स्वतःचीच लाज वाटते आहे.

१९ जाने.
धुकं. ऊन नाहीच. आज रक्त जास्त. खाली जाऊन खालाजानना खरं ते सांगितलं. त्यांनी विणकाम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हम तो हकीम साहब को भी दुश्मनों का ही हाल बताते रहे, बेटी. दफ़्न हमारे मियाँ हुए."



२० जाने.
ह्यांना न सांगता एकटीच दवाखान्यात. बसायच्या आधीच बोलले, "मेरे पति को खाँसी में खून आता है. हफ़्ता हो गया." डॉक्टरांचा चेहरा उतरला. "उस दिन क्यों नहीं कहा?" उद्याच एक्स-रे, थुंकीची तपासणी.

२२ जाने.
काल सगळं झालं. आज ताट पुढे ठेवलं तर हे म्हणाले, "तू नाव घेतलंस."

हो, घेतलं म्हटलं. मी भांडायच्या तयारीत होते. पण वर पाहिलं तर राग नव्हता, हे घाबरले होते. सोळा वर्षांत ह्यांना असं कधी बघितलं नाही.

रिपोर्ट सोमवारी. आणायला तूच जा म्हणतात.