कैराचं झुडूप

प्रिय रिता,

तुझा बाप पत्र लिहून राहिला म्हणजे काही बिघडलं, असं समजू नको. आम्ही दोघं धड आहोत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुर करतात अन् ती माझ्यावर कुरकुर करते, एवढंच. मोहाडीत ऊन मात्र मरणाचं तापून राहिलं.

सांगायचं आहे ते तुझ्या कैराच्या झुडपाचं. दीड वर्षापूर्वी, दिवाळीत, तू ते तेलाच्या डब्यात लावून बिकानेरहून आणलंस. तुझ्या सासरी याच्या फळांचं लोणचं घालतात, असं आईले सांगत होतीस. मी आतल्या खोलीतून ऐकलं. प्रविण डबा धरून फाटकाबाहेर उभा होता. मले न विचारता लग्न केलं, म्हणून त्याने माझ्या अंगणात पाय ठेवायचा नाही, असं मीच म्हटलं होतं ना! अर्धा तास पोरगा उन्हात उभा. खिडकीतून पाहिलं मी, पण उठलो नाही.

तुम्ही गेल्यावर झुडूप मी विहिरीजवळ लावलं. मी पडलो धानवाला, मले पाण्याशिवाय दुसरं काय येते? भोवती धानाच्या बांधीसारखी मातीची पाळ घातली अन् दोन्ही टायमाले तुडुंब भरली. पानं गळाली, अजून पाणी. काड्या पिवळ्या पडल्या, अजून पाणी. पावसाळ्याच्या तोंडावर ते बुडाशी सडलं, तेव्हा माझं धाबं दणाणलं. तुझ्या हातचं एवढंच तर होतं घरात. तुले सांगायची हिंमत नव्हती. आईच्या मोबाइलमधून प्रविणचा नंबर काढला अन् लावला.

माझं हिंदी तुले माहीतच आहे. पण त्याने सगळं ऐकून घेतलं. पापाजी, पहिले पाणी बंद करा, म्हणाला. वाळवंटातलं झुडूप हे, याले पानं नसतातच फार, हिरव्या काडीवरच जगते हे, पानं नाहीत म्हणजे मेलं नाही. मग मी शेजारच्या तुलारामच्या ट्रॅक्टरने मुरूम आणून उंच ढीग केला, त्यावर झुडूप बसवलं. पाऊस लागला तर वरून ताडपत्री. सारा गाव धानासाठी पाणी मागून राहिला अन् तुझा बाप कृष्णराव झुडपावर ताडपत्री बांधून राहिला! लोक खूप हसले. तेव्हापासून दर रविवारी प्रविणचा फोन येते. तुले सांगू नको, अशी शपथ मीच घातली होती, त्याच्यावर रागावू नको. इतक्या महिन्यांत त्या दिवाळीचा विषय त्याने एकदाही काढला नाही. मीच रात्रंदिवस काढतो, मनात.

परवा बुडातून नवी हिरवी काडी फुटली. हात लावला तर काटा रुतला. बरं वाटलं बाई.

पुढच्या महिन्यात धोंड्याचा महिना लागते. मागच्या वेळी घरोघरी जावई जेवले, अनारसे घेऊन गेले. आपल्या घरी तुझी आई एकटीच चुलीपाशी डोळे पुसत होती. यंदा दोघंही या. माझं चुकलं, रिता. हे मले फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र. प्रविणले सांग, अंगणात पाटावर बसवून त्याचे पाय मी धुणार आहे. आता विहिरीचं पाणी कैराले लागत नाही, ते त्याच्यासाठी काढून ठेवतो.

तुझाच हट्टी,
बाबा