विहिरीकडचा कोपरा

आबा, सकाळपास्नं उकडून राह्यलंय, वारा बिलकुल बंद, अन् भोकरदनच्या अंगाला आभाळ काळं झालंय. ही कशाला लिहीत बसली म्हणून हसू नका. चौथीपर्यंतच शिकवलंत, तेवढ्यात भागवते.

वैशाख लागला की तुम्ही गिरणी वादळासाठी तयार करायचे. इंजिनावर पोती टाकायची, छपराचा एकेक पत्रा तारेनं वाशाला आवळायचा. आपल्या टेंभुर्णीत सगळे पत्र्यावर धोंडे ठेवायचे. तुम्हाला ते खपायचं न्हाई. "वारा पत्रा उचलणार, मंग धोंडा कुणाच्या डोक्यात?" त्या साली तुमचा गुडघा सुजल्ता, म्हणून मला वर चढवलं. मी बारा वर्षांची. दळणाला आलेली म्हातारी खालून म्हणते, "लेकरू वर अन् बाप खाली, लाज न्हाई का रे?" तुम्ही म्हणता, "मी चढलो तर छपरच खाली येईल मावशे, मंग दळशील कुठं?" सगळ्या बाया हसतात. मी न्हाई हसत. पत्र्याचे चटके बसतायत, अन् चौथ्या कोपऱ्याखाली विहीर, नुसता काळोख. तीन कोपरे बांधले. तिथं विहिरीवर वाकून तार घालायची हिंमत न्हाई झाली. शेजारच्या छपरावरचा धोंडा उचलून ठेवला, उरलेली तार पोत्यांखाली लपवली.

"ओढून पाहिलं?"

"व्हय आबा. बराबर हाय."

चार दिवसांनी भर दुपारी वादळ आलं. बाया डबे घेऊन आत दाटल्या. विहिरीकडचा पत्रा उचकटला अन् धोंडा सरळ आत. तुम्ही त्या म्हातारीला ढकललं, म्हणून ती वाचली. तुमचा उजवा खांदा गेला. त्या हातानं पुन्हा घास उचलला न्हाई. विचारील त्याला सांगायचे, "तार गंजल्ती, शेजारचा धोंडा उडून आला." अन् पोती हलवताना ती तार तुम्हालाच सापडली. नवी कोरी. डाव्या हातानं गुंडाळली, खुंटीला अडकवली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. शिवी दिली असती तर सुटले असते.

तुमच्या मागं आता गिरणी मी चालवते. दरसाल मीच वर चढते, दुसऱ्या कुणाचा भरोसा न्हाई. त्या दिवसांत पत्र्याखाली कुणी उभं दिसलं की मी वरडते. सून म्हणते, "आत्याबाई, किती वरडता!" वरडते, कारण भ्या वाटतं. तिला काय सांगू?

ही चिठ्ठी टाकायची तरी कुठं? जात्यामागं दडवते. आत बाया दळण घेऊन बसल्यात, वारा सुटायला लागला. आज तीन कोपरे बांधून खाली आले, आबा, विहिरीकडं त्या सालासारखंच भ्या वाटलं. चौथ्याची तार मांडीवर घेऊन हे लिहीत बसले.