बाबा: बंद. कारण: आता गरज नाही

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे, तेव्हा आठांतली दोन-तीन अंगं नमस्काराला पोचली नाहीत तर राग मानू नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? दमा काय म्हणतो? आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे तुझी भाचेसून माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि बाबांच्या खोलीचं दार दोघांपैकी कोणीच लावत नाही. बाबा तुझ्याकडे सुखरूप पोचले हे तू कळवलंस. ते का आले, हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. माझा फोन ते उचलत नाहीत, आणि तुला फोन करावा तर ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून हा कागदाचा उद्योग.

मी कचेरीत नेमकं काय करतो, हे तू प्रत्येक भेटीत विचारतेस आणि मी प्रत्येक भेटीत काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेतो. आज नीट सांगतो, कारण त्याशिवाय माझा पराक्रम तुला कळायचा नाही. आमच्याकडे प्रत्येक कामाचं एक तिकीट असतं. (प्रवासाचं नव्हे. त्यानं माणूस निदान कुठेतरी पोचतो.) काम काय, ते कोणाचं, आणि ते उघडं आहे की बंद, एवढं त्यावर लिहिलेलं असतं. बाकीची मंडळी ही तिकिटं ब्राउझरमध्ये उघडतात आणि माउस फिरवत एकेक हाताळतात. मला त्यात कमीपणा वाटायचा. मी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करतो. एका ओळीच्या हुकमासरशी हवी ती सगळी तिकिटं माझ्या एडिटरमध्ये हजर होतात, एका ओळीला एक. ओळ बदलली की तिकीट बदलतं, ओळ खोडली की तिकीट बंद. फाइल सेव्ह केली की सगळं आपोआप अमलात येतं आणि ज्याची त्याला मेल जाते. आणि हे सगळं माउसला बोटही न लावता! याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू. अति तिथं माती, असं तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस. माती झाली आहे.

कचेरीवर भागलं असतं तरी ठीक होतं. मी घरच्या कामांचाही एक प्रोजेक्ट काढला. तुझ्या भाचेसुनेनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की नळ गळतोय हे ती तोंडानं सांगेल, आणि मला ऐकू आलं नाही तर प्लंबरला सांगेल. बाबांनी मात्र मनावर घेतलं. जन्मभर कारखान्यात यंत्रांची रेखाटनं केलेला माणूस, त्यांना असल्या टापटिपीची आवड. त्यांच्या फोनवर सोय करून दिली, तशी ते तिकिटं काढू लागले. सुरुवातीला माणसाचं नाव, मग काम, हा माझा नियम त्यांनी काटेकोर पाळला. 'बाबा: चष्म्याचा नंबर'. 'बाबा: गुडघ्याचा पट्टा'. 'बाबा: सकाळी फिरायला सोबत'. 'बाबा: बुद्धिबळाचा राहिलेला डाव'. या सगळ्यांच्या डोक्यावर एक मुख्य तिकीट, नुसतं 'बाबा'. खालची सगळी कामं संपली की ते आपोआप बंद व्हायचं. मी प्रत्येकाखाली 'पाहतो' असा शेरा टाइप करायचो. शेजारच्या खोलीत बसून. उठून गेलो असतो तरी चाललं असतं.

त्या डावाबद्दल सांगायला हवं. (तुला बुद्धिबळ येत नाही हे मला माहीत आहे. बाबांनी लहानपणी शिकवायला घेतलं, तेव्हा 'घोडा वाकडा चालतो, आधी त्याला सरळ करा' म्हणून तू उठून गेलीस, हे ते अजून रंगवून सांगतात.) पट त्यांच्या खिडकीपाशी स्टुलावर मांडलेला होता. खेळी माझी होती. बरेच दिवस माझीच होती. बाबा रोज त्यावरची धूळ फुंकायचे, मोहरे न हलवता.

तर झालं असं, की आमच्या मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं: ज्या तिकिटांवर बरेच दिवस काही हालचाल नाही, ती निकालात काढा. सहकारी माउस सरसावून बसले. मी बोटं मोडली आणि हालचाल नसलेली सगळी तिकिटं मागवली. प्रोजेक्ट कुठला, ते सांगायचं राहिलं. न सांगितलं तर आमचं हे कमांडचं अवजार सगळेच प्रोजेक्ट घेतं, घरचासुद्धा. आणि हालचाल नसण्यात आमच्या घराचा हात कोण धरणार? यादी लांबलचक आली. मी वाचली नाही. (वाचत बसणं हे माउसवाल्यांचं काम.) सगळ्या ओळी एका झटक्यात खोडल्या आणि सेव्ह केलं. बंद करण्याचं कारण आपण लिहिलं नाही, तर अवजार पदरचं घालतं: 'आता गरज नाही'. मॅनेजरबाईंनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. तीच, धरलेली. त्या दिवशी मी शीळ घालत घरी गेलो.

घरी बाबांचा फोन एकसारखा वाजत होता, हे तुझ्या भाचेसुनेकडून नंतर कळलं. 'बाबा: चष्म्याचा नंबर. बंद. कारण: आता गरज नाही.' 'बाबा: सकाळी फिरायला सोबत. बंद. कारण: आता गरज नाही.' असं करत करत शेवटी, 'बाबा. बंद. कारण: आता गरज नाही.' प्रत्येक मेलखाली माझं नाव. तिनं विचारलं, "कोणाचं काय आलंय एवढं, बाबा?" तर म्हणाले, "काही नाही गं, कचेरीतलं. मी जरा अक्काकडे जाऊन येतो." मी पोचलो तेव्हा पांघरुणाची घडी झालेली होती आणि बॅग जागेवर नव्हती. पटावर त्यांनी आपला राजा आडवा करून ठेवला होता. हार मानली की तसं करतात. आत्या, हरत मी होतो.

कचेरीतही दुसऱ्या दिवशी बोंब झाली. गिऱ्हाइकांच्या जुन्या तक्रारी मी एका दमात संपवल्या होत्या, आणि गिऱ्हाइकांना ते मान्य नव्हतं. शिक्षा म्हणून सगळी तिकिटं एकेक करून पुन्हा उघडायला सांगितलं आहे, ब्राउझरमध्ये, माउसनं. मनगट सुजलं आहे आणि सहकारी येता-जाता तब्येत विचारतात. घरची तिकिटंही मी उघडली. प्रत्येकाखाली 'चुकून' असं लिहिलं. तुझी भाचेसून म्हणाली, "बंद चुकून केलीत हो, पण इतके दिवस पडून होती ती काय चुकून?" बाबांशिवाय करमत नाही, आत्या. त्यांची फार आठवण येते. हे टाइप करायला गेलो तर हात थांबतो, आणि तोंडानं म्हणायची सवय गेली आहे.

त्यांना परत पाठव असं मी म्हणत नाही. त्यांना हवं तितकं राहू दे. घरातल्या मोठ्यांना नमस्कार. लहान कोणी तुझ्याकडे उरलेलं नाही, तेव्हा आशीर्वाद इकडेच ठेवून घेतो.

तुझा भाचा

ता. क. सोबत गुडघ्याचा पट्टा पाठवतो आहे. उजव्या पायाचा आहे, डाव्याला चढवू देऊ नकोस.

ता. क. दुसरा. पट्टा काढून घेतला. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात माझा फोन वाजू लागला. बाबा तिकिटं बंद करताहेत, आणि कारणं स्वतः लिहिताहेत. 'चष्म्याचा नंबर. बंद. कारण: अक्कानं डॉक्टरकडे नेलं.' 'गुडघ्याचा पट्टा. बंद. कारण: अक्कानं तिचा दिला.' 'सकाळी फिरायला सोबत. बंद. कारण: अक्का येते.' (दमा असताना!)

ता. क. तिसरा, आणि आता पत्र धाडतो आहे ते खरं यासाठीच. आता एकच उरलं आहे, डावाचं. ते आहे म्हणूनच वरचं 'बाबा' अजून उघडं आहे. मी रविवारी पट घेऊन येतो, कोणता मोहरा कुठे होता ते पाठ केलं आहे. तोवर बाबा तुला काही शिकवू म्हणाले, तर तुझ्या पाया पडतो आत्या, घोडा वाकडा चालतो म्हण आणि उठून जा.