डार्सी नोस्केविषयी माझे निःपक्षपाती मत

शनिवार, १० जून. मैदानाच्या कडेला, गाडीत.

आजपासून निरीक्षण शास्त्रीय पद्धतीने. कारण: काल डेस किल्मार्टिनचा फोन. डेस हा माझा जुना विद्यार्थी. त्याला वाक्यात क्रियापद घालायला मी शिकवले. सध्या तो मेलबर्नच्या एका मोठ्या फुटबॉल क्लबसाठी नवे खेळाडू हेरतो; फुटबॉल म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन, चेंडू हातात धरून पळण्याचा. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये सर्व क्लब आळीपाळीने तरुण पोरे निवडतील. तेव्हा आमच्या टारानूकच्या डार्सी नोस्केला घ्यावे की नाही, हा त्याचा प्रश्न.

डेस म्हणाला, "गोल मारतो ते ठाऊक आहे, सर. चेंडू दुसऱ्यांच्या हातात गेला की हा परत धावतो का, तेवढं लिहून कळवा. तुम्ही एकही सामना चुकवत नाही."

खरे आहे. माझी जागा कँटीनकडच्या टोकाला, निलगिरीखाली, कुंपणाला गाडीचे नाक लावून. पत्नी हयात होती तेव्हापासूनची. ती जागा दुसरा कोणी घेत नाही. एकदा एका पशुवैद्याने घेतली होती, त्याला मी समज दिली. येथून संपूर्ण मैदान दिसते. धान्याच्या कोठारांकडचे पलीकडचे टोक किंचित धूसर दिसते, पण महत्त्वाचा खेळ तेथे होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचे मत वेगळे आहे. त्याचे वय तिशीच्या आत आहे.

निश्चय: अहवाल निःपक्षपाती. विशेषणे कमी.

शनिवार, १७ जून.

थंडी. काचा वर, हीटर सुरू.

डार्सी कँटीनच्या टोकाकडे आक्रमण करीत होता तेव्हा अप्रतिम. दोन माणसांच्या खांद्यांवरून चेंडू उचलला. प्रत्येक गोलला कुंपणाभोवतीच्या सर्व गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला. मी नेहमीप्रमाणे एकदाच, आखूड. हॉर्न हे विरामचिन्ह आहे. त्याची उधळण करू नये.

मात्र चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की डार्सी नाहीसा होतो. लक्षपूर्वक पाहिले. नाहीच दिसला.

मध्यंतरात त्याची आजी व्हॅल खिडकीशी खिम्याची पाई घेऊन आली. कँटीन तीच चालवते. फलकावर 'गरम पाई मिळतील' असे लिहिले होते. एकच उरली होती, म्हणून एकवचन हवे, असे मी निदर्शनास आणले. ती म्हणाली, "ती एक पण तुला देत नाही मग." दिली.

नंतर म्हणाली, "आयव्हर, जरा उतर की गाडीतून. पाय काय घरी ठेवून येतोस?" मी सांगितले, निरीक्षकाला स्थिर बिंदू आवश्यक असतो.

सोमवार, १९ जून.

अहवाल पाठवला. एका पानाचा, खाडाखोड नाही. मुख्य वाक्य: 'आक्रमणात असामान्य; परंतु परत धावण्याच्या बाबतीत उदासीन.' त्यातील अर्धविराम मला फार आवडला.

शनिवार, १ जुलै. संध्याकाळ.

लिहिण्यास हात धजत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त.

कोठारांकडच्या टोकाचा गोलपंच तापाने पडला. यजमान संघाने माणूस द्यायचा ही रीत. व्हॅलने सरळ माझे दार उघडले आणि पांढरा कोट मांडीवर टाकला. म्हणाली, "घाल. दोन खांबांमधे उभं राहायचं. तुला नाहीतरी उभं राहून लोकांच्या चुका काढायची सवय आहे."

दोन निशाणे घेऊन मी आयुष्यात प्रथमच त्या टोकाला सबंध सामना उभा राहिलो.

डार्सी तेथे होता.

सगळा वेळ तेथे होता. चेंडू विरोधकांकडे गेला की दुसऱ्या टोकाकडून तो धावत येई, आमच्याच गोलपुढे चिखलात लोळे, कोणाला तरी आडवे पाडी, उठे, पुन्हा परत धावे. शेवटच्या क्वार्टरमध्ये विरोधकांचा चेंडू सरळ खांबांमधून आत येत होता, गोल निश्चित. हा कोठून आला देव जाणे. रेषेवर झेप घेतली आणि एका बोटाचे टोक चेंडूला लावले. इतरांना दिसले नसेल. मला दिसले, कारण ते माझ्या नाकापासून हातभर अंतरावर घडले. बोट लागले की गोलचे सहा गुण नाहीत, एकच गुण. मी हाताने तशी खूण केली आणि एकच निशाण हलवले. तेवढ्यामुळे आम्ही जिंकलो.

तो चिखलातून उठून म्हणाला, "थँक यू, सर. पाहिलंत तुम्ही."

घरी आल्यावर जेवण गेले नाही. थंडी बाधली असावी.

रविवार, २ जुलै.

निश्चय: दुरुस्तीचे पत्र आज. परंतु आज टपाल नाही. उद्या.

मंगळवार, ४ जुलै.

विचार केला. एका सामन्यावरून मत बदलणे शास्त्रीय नव्हे. शिवाय पंच म्हणून पाहिलेले निरीक्षक म्हणून वापरणे हा पदाचा दुरुपयोग ठरेल. आणखी एक सामना त्या टोकाला उभे राहून पाहीन, मग लिहीन.

शनिवार, ८ जुलै.

त्या टोकाकडे निघालो होतो. परंतु गाडी हलवली असती तर जागा गेली असती. पशुवैद्य कुंपणाशी घुटमळत होता. पायी जाणे शक्य होते. गवत ओले होते.

डार्सी दिसला नाही, पण तो तेथे आहे हे मला ठाऊक होते. हा अनुभव विलक्षण अप्रिय आहे.

शनिवार, ५ ऑगस्ट.

व्हॅल पाई घेऊन आली, पण हसली नाही. मेलबर्नहून माणसे यायची बंद झाली म्हणे. कोणीतरी पसरवले आहे, पोरगा एकतर्फी खेळतो, परत धावत नाही. डार्सीला हॉर्शम गावातल्या वीजतंत्र्याकडे उमेदवारी चालून आली आहे. ड्राफ्टच्या आशेवर त्याने अजून होकार दिलेला नाही. तो मालक थांबणार किती?

"एकतर्फी!" व्हॅल म्हणाली. "कुणा आंधळ्यानं लिहिलं असेल ते."

मी जोरदार सहमती दर्शवली. "बेजबाबदार माणूस," असेही म्हणालो. पाई अर्धी राहिली. उरलेली अर्धी तिने पाहिली आणि विचारले, बरे वाटत नाही का. तिची ती काळजी पाईपेक्षाही जड गेली.

बुधवार, १६ ऑगस्ट.

डार्सी घरी आला. वीजतंत्र्याला लिहिलेले पत्र तपासून हवे होते. वेळ मागणारे पत्र. चार ओळींत नऊ चुका. मी एकही सांगितली नाही. हे माझ्या हातून प्रथमच घडले.

जाताना दारात थबकून म्हणाला, "सर, खरं सांगा, मी परत पळत नाही असं वाटतं का तुम्हाला? तुम्ही तर रेषेवर होता."

मी म्हणालो, खेळाचे मूल्यमापन हा गुंतागुंतीचा विषय असून त्यास अनेक अंगे आहेत. त्याने मान हलवली. "म्हणजे अजून जोरात पळायला पाहिजे," म्हणाला.

तेव्हापासून रोज सूर्य मावळताना तो माझ्या खिडकीसमोरून धान्याच्या कोठारांपर्यंत पळत जातो आणि पळत परत येतो. मी पडदा लावतो. हवा गार असते.

रविवार, १० सप्टेंबर.

डेसला फोन केला. चार वाक्ये लिहून समोर ठेवली होती. कर्ता, कर्म, क्रियापद, कबुली. त्याचे यंत्र बोलले: निरोप ठेवा. मी निरोप ठेवला की यंदा पाऊस कमी आहे आणि गहू बरा दिसतो.

निश्चय: पुन्हा फोन. त्याला सवड असेल तेव्हा.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. रात्र.

सगळे गाव फुटबॉल क्लबच्या खोलीत दूरदर्शन संचापुढे. नावांमागून नावे. लोक खुर्च्या सावरू लागले. व्हॅलने रिकाम्या ताटल्या गोळा करायला घेतल्या. डार्सी तिला मदत करू लागला, जणू त्यासाठीच आला होता. मी दाराजवळ उभा होतो, हवेसाठी.

शेवटून दुसरे नाव: डार्सी नोस्के, टारानूक. डेसचाच क्लब. एका वर्षाचा करार.

व्हॅलच्या हातून ताटल्या पडल्या. सगळे गाड्यांकडे धावले आणि अंधारात हॉर्न सुरू झाले. मीही माझ्या गाडीत बसलो आणि हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. तत्त्व मोडले. वीजतंत्र्याचा नाद सुटला. पोरगा शुक्रवारी मेलबर्नला जातो. मी निर्दोष आहे. माझ्या अहवालाकडे त्यांनी सुज्ञपणे दुर्लक्ष केले.

बुधवार, २२ नोव्हेंबर.

डेसचा फोन.

"सर, तुमच्या अहवालामुळेच घेतला त्याला. आमच्या कोचला गोलपाशी ठाण मांडून बसणारा हवा होता. मागे पळून दमणारे आमच्याकडे ढिगानं आहेत. तुम्ही लिहिलंत, हा परत जातच नाही. कोच म्हणाला, हाच."

मी म्हणालो, "अहवाल लिहिणे हे माझे कर्तव्यच होते."

यावर अधिक विचार करणे योग्य नाही. परिणाम चांगला झाला. कारण चुकीचे असले तर बिघडले कोठे? एक वर्ष म्हणजे एक वर्ष. निश्चय: खरे काय ते डेसला नव्या वर्षात कळवावे, पोरगा स्थिरावला की.

शनिवार, १३ एप्रिल.

नवा मोसम. व्हॅल सांगत होती, डार्सीला राखीव संघात खेळवतात आणि गोलपुढे नुसते उभे करतात. हलला की कोच बाजूने ओरडतो. "फोनवर म्हणाला, आजी, मला खांबाला बांधून ठेवल्यासारखं वाटतं. पळू दिलं तर पळीन की." ती काचेवर बोटाने उगाच रेघ ओढत राहिली. "त्यांना वाटतं हा मागे जातच नाही. कुणी सांगितलं असेल, आयव्हर?"

मी म्हणालो, मेलबर्नमध्ये अफवा फार.

शनिवार, ८ जून.

तीन आठवड्यांत डार्सीचा एक गोल. करार ऑक्टोबरअखेर संपतो. वीजतंत्र्याने दुसरा पोरगा घेतला. परत आला तर इथे त्याच्यासाठी काका आणि काकांच्या मेंढ्या.

डेसला पत्र लिहायला बसलो. मसुदा पहिला: फार लांब. दुसरा: फार आखूड. तिसरा: त्यात 'मी' हे सर्वनाम वारंवार येत होते, ते टाळून वाक्यरचना केली असता चूक कोणाची, तेच कळेनासे झाले. तोच मसुदा उत्तम उतरला. पाकिटाला तिकीट नव्हते.

शुक्रवार, २८ जून.

तिकिटे आणली. पाकीट सापडत नाही.

रविवार, १४ जुलै.

राखीव संघांचा सामना दूरदर्शनवर. व्हॅलच्या घरी पाहिला. तिने आग्रहाने बोलावले आणि मला संचाच्या अगदी जवळ बसवले.

शेवटची मिनिटे, डार्सीचा संघ दोन गुणांनी पुढे. विरोधकांनी चेंडू उचलला आणि दुसऱ्या टोकाकडे निघाले. कोचचे ओरडणे पडद्यावर दिसत होते. डार्सीने खांब सोडला. सबंध मैदान ओलांडले. चित्रात तो नव्हता, नव्हता, आणि एकदम होता. रेषेवर आडवा, हात लांब, बोट चेंडूला. पंचाने खूण केली. एकच निशाण. एका गुणाने जिंकले.

व्हॅलने संचाचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "हा पंच बरा आहे. पाहिलेलं सांगतो."

चहा गरम होता. घाईने प्यालो.

सोमवार, १५ जुलै.

डेसचा फोन. आनंदात होता. डार्सी आता बचावात खेळणार, करार आणखी दोन वर्षे.

"सर, तुमचं मत पार उलटं निघालं की. पोरगं दिवसभर मागेच पळतं."

हीच वेळ होती. श्वास घेतला, वाक्य तयार होते. म्हणालो, "तुमच्याकडच्या प्रशिक्षणाने त्याच्यात आमूलाग्र बदल घडलेला दिसतो."

"कोच पण तेच म्हणतो," डेस म्हणाला. मग जरा अडखळून, पुढच्या मोसमापासून मी तसदी घेऊ नये. टारानूकच्या मैदानावर ते दोन्ही टोकांना कॅमेरे बसवणार आहेत. "तुम्ही आरामात सामने बघा, सर."

यंत्रांना अर्धविराम कळत नाही. असो.

शनिवार, २७ जुलै.

डार्सी सुट्टीवर गावी आलेला. सामना सुरू असताना माझ्या गाडीशी आला. खांदे रुंद झाले आहेत. दोन पाई घेऊन आला होता, एक माझ्यासाठी. विचारून शेजारच्या आसनावर बसला. तिथे पत्नीनंतर कोणी बसलेले नव्हते. आम्ही खात होतो. तो मैदानाकडे पाहत होता, मी त्याच्याकडे.

बराच वेळ पाहून तो म्हणाला, "सर, इथून तर पलीकडचं काहीच दिसत नाही."

मी म्हणालो, "काच मळली आहे."

त्याने माझ्या पायाशी पडलेले फडके उचलले, उतरला आणि काच बाहेरून पुसली. मग आत येऊन आतून पुसली, कोपरे धरून, सावकाश. काच लख्ख झाली. पलीकडचे टोक होते तेथेच होते, धूसर.

"आता?" त्याने विचारले.

"आता उत्तम," मी म्हणालो.

तेवढ्यात पलीकडे काहीतरी घडले आणि हॉर्न वाजू लागले. मी एकदाच वाजवला, आखूड.

डार्सी हळूच म्हणाला, "सर, तो त्यांचा गोल होता."