टेकडीवर उभं राहायला माणूस

बुधवार

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माझ्या लेकी, माझ्या दातांची डबी तू फ्रिजवरच विसरलीस. वाळवंटातल्या या घरात उतरल्यापासून मी दुधात पाव बुडवून खातेय आणि तुला आशीर्वाद देतेय. तू सगळं विसरतेस म्हणूनच ही रोजनिशी. मला अक्षर येत नाही. मी सांगते, तुझा जावई लिहितो. त्याला गाळायची सोय नाही, कारण घर राखणारी बाई रोज सकाळी मला सगळं वाचून दाखवणार आहे.

घर छान आहे. एकच मजला, वर सपाट गच्ची, अंगणातला नळ आधी खोकतो मग पाणी देतो. वाळू चहात, वाळू अंथरुणात, वाळू कानात. लांब पूर्वेला वाळूची एक टेकडी. त्या टेकडीवर उगवणाऱ्या चंद्राचे फोटो काढायला जावईबापू यंदाही आलेत, आणि मी हट्टानं त्यांच्या मागे. गच्चीवर तिकाटण्यावर कॅमेरा मांडलाय, त्याची नळी माझ्या हाताएवढी. मला बहिरी समजून त्यानं ओरडून समजावलं की फोटोत चंद्र मोठा दिसायचा तर टेकडीवर माणूस लांब उभं करायचं. माणूस जितकं लांब, चंद्र तितका मोठा. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या धंद्यात बायकोला जितकं दूर धाडावं तितकं नाव मोठं. हे लिहिताना तो जरा अडखळला.

गुरुवार

गेल्या वर्षी त्याला बक्षीस मिळालं तो फोटो बाईनं हौसेनं बैठकीत टांगलाय. परातीएवढा चंद्र, टेकडीची धार आणि तिच्यावर तिळाएवढं माणूस, एक हात वर केलेलं. हा रोजावर आणलेला गडी, असं त्यानं जगाला सांगितलं. आणि आपली डावरी, तुझी पोर, याची बायको? ती म्हणे दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच फिरायला गेली आणि वाट चुकली. शोधणाऱ्यांना तिची चप्पलसुद्धा मिळाली नाही. तू चार महिने रडलीस, मग मलाच म्हणालीस, आई, विसर आता.

मी आज त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसले. वर केलेला हात डावा आहे. त्या हातानं ती जेवायची, लिहायची, त्याच हातावर मी तिला लहानपणी फटके दिले आणि तरी त्याच हातानं ती मला टाटा करायची. जावयाला विचारलं, गडीही डावराच होता का? म्हणाला, कधीकधी फोटो उलटा छापला जातो. मग चंद्रातला ससा कसा नाही उलटला, म्हटलं. त्याला एकदम खाली काहीतरी काम आठवलं.

शुक्रवार

चंद्र उन्हातच उगवला, धुऊन विटलेल्या कापडासारखा. जावयाची रंगीत तालीम चालली होती. टेकडी रिकामी, मीही पाहिलं. फोटोत मात्र धारेवर एक तीळ. तो म्हणाला, काचेवर वाळूचा कण असेल. काच पुसली. पुन्हा फोटो. तिळानं हात वर केला होता.

त्यानं झटकन कॅमेऱ्यावर कापड टाकलं. मी म्हटलं, आता बोल आणि बोलशील ते लिही. गेल्या वर्षी तिला टेकडीवर उभं करून फोटो झाल्यावर त्याला वाटलं, पुढच्या टेकडीवरून चंद्र अजून देखणा दिसेल. तो जीप घेऊन चंद्रामागे गेला. थोड्या वेळानं तिला आणू, असं ठरवलं होतं म्हणे. परतला दुसऱ्या दिवशी दुपारी. पिण्याचं सगळं पाणी जीपमध्ये होतं.



शनिवार

सकाळी वाचताना बाई म्हणाली, कालचं अक्षर शेवटी वाकडं झालंय. आज फोटोत ती तीळ नाही. चंद्र तिच्या डोक्यामागे ताटलीएवढा. नियम त्यानंच शिकवलाय — माणूस लांब तर चंद्र मोठा. चंद्र लहान होत चाललाय, लेकी.

तो सामान बांधतोय. जीपची किल्ली सापडत नाही म्हणतो. ती माझ्या कनवटीला आहे. हे त्याला आत्ता, लिहिताना कळलं. काढ म्हणावं म्हातारीच्या कमरेची —

रविवार

आज बाई लिहितेय.

सूर्य बुडाला, समोर पूर्ण चंद्र आला. तो कॅमेऱ्यात बघेना. मी म्हटलं, बघ, वर्षभर तिनं वाट बघितलीय. त्यानं डोळा लावला. चंद्र दिसत नाही म्हणाला. नुसते केस. मग जिन्यात वाळू सरकल्यासारखं —

गच्चीवरून उडी टाकली त्यानं. जिथं ती नाही तिकडे पळाला. म्हणजे टेकडीकडे.

बाईनं कॅमेऱ्यात पाहिलं. परातीएवढा चंद्र. धारेवर तीळ. उजवा हात वर.

बाई म्हणाली, पाणी घेऊन जाऊ या. मी म्हटलं, थोड्या वेळानं जाऊ. त्यानंही तसंच ठरवलं होतं.

सोमवार

बाई पहाटेच गेली, माझ्याकडे न बघता. मी लिहायला कुणाला बोलावलं नाही. बोलतेय मात्र, आणि पेन चालतंय — डाव्या हातात. कागदावर वाळू पडते, तिचा आवाज —

हात धरला मी तो. गार. म्हटलं, पोरी, फिटलं ना सगळं?

नाही म्हणाली. घसा सुकलाय तिचा. विचारते, मला अजून कोण विसरलं.

मी आपलं सवयीनं, हसत सांगितलं — तुझी आई, ती तर माझे दातही विसरली —

ती हसली नाही.

लेकी, ऐक. कोरडं काही पाठवू नकोस. कलिंगडं पाठव, संत्री पाठव, रसानं भरलेली. आजच पाठव, विसरू नकोस, नाहीतर ती म्हणते, मीच घरी येऊन